सरळ रेषेत

वडसो ते किर्केनेस.
हवेतून चाळीसेक किलोमीटर, वेळ पंधरा मिनिटं.
रस्त्याने फ्योर्डला वळसा घालून पावणेदोनशे,
तेही बर्फाचा नांगर पुढे गेला असेल तर.
लोक विचारतात, मी सांगतो.
या विमानतळावर सांगायला मीच असतो,
तिकीट बघायला मी, बॅगा चढवायला मी,
पंखांवरचा बर्फ गरम फवाऱ्याने उतरवायला मी,
आणि कोणी कोपऱ्यात रडत बसलं असेल
तर नाणं न टाकता कॉफी कशी काढायची
तेही मलाच ठाऊक.

पंधरा मिनिटांत काय होतं?
पट्टा सोडायचा दिवा लागतच नाही.
वैमानिक सुप्रभात म्हणतो
आणि त्याच दमात, उतरतोय म्हणतो.
जिभेवरची गोळी पुरती विरघळत नाही.
दिवस भरलेल्या बाया जातात,
फुगल्या गालावर मफलर दाबून दाढदुखीवाले जातात,
डब्यांत राजखेकडे जातात, ओल्या गोणपाटाखाली पाय हलवत.
मी गेलो नव्हतो.
अकरा वर्षं.

हेर्दिस तिथे राहते. माझी बहीण.
बाबांची होडी मी विकली, तिला न विचारता.
इंजिन गंजलं होतं, गिऱ्हाईक घाईत होतं,
आणि होडीच्या नाकाडावर तिचं नाव होतं
पांढऱ्या रंगात, बाबांच्या तिरक्या अक्षरात.
नव्या मालकाने ते खरवडलं
माझ्याच पत्र्याने, माझ्यासमोर.
पत्रा परत देताना आभार मानले त्याने.

नोव्हेंबरात बुडालेला सूर्य
आमच्याकडे जानेवारीत डोकं काढतो.
मधल्या अंधारात पलीकडच्या काठाचे दिवे दिसतात.
किर्केनेस दिसत नाही, ते टेकड्यांच्या मागे.
तरी सिगरेट विझवताना
माझं तोंड तिकडेच असायचं.

फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याचा फोन आला.
ऑपरेशन आहे म्हणाला. गुरुवारी.
बाकी काही नाही. तोही आमच्यातलाच,
शब्द मोजून देणारा.

मी रजा टाकली. माझ्या जागी इसाक उभा राहिला,
आणि माझं तिकीट त्याने जरा जास्तच निरखून पाहिलं.
आयलर्ट, म्हणाला, खिडकीची जागा.

वर गेलो तर फ्योर्ड काळा, स्वच्छ,
एखाद्या धुतलेल्या पाटीसारखा.
मग टेकड्या आल्या आणि सगळं पांढरं झालं.
धुकं. वैमानिकाने एक घिरटी घातली,
दुसरी घातली. पंख्याचा आवाज बदलला,
पुन्हा चढला.
खाली कुठेतरी धावपट्टी होती,
कुठेतरी हॉस्पिटल, तिसरा मजला.
खिडकीला कपाळ टेकून मी बघत राहिलो
स्वतःच्याच श्वासाची वाफ.

एकूण प्रवास पन्नास मिनिटं.
एकूण अंतर, सरळ रेषेत, शून्य.

वडसोला उतरलो. इसाक धावपट्टीवर बर्फ झाडत होता,
म्हणून मीच पोटातलं दार उघडलं,
मीच बॅगा काढल्या, माझीही काढली,
पट्ट्यावर ठेवली, बटण दाबलं,
आणि वळसा घालून आत आलो
बाकीच्यांत उभा राहून तिची वाट बघायला.
आली. रबरी पडद्यातून, डोलत.
एका बाईने विचारलं, इथलेच का तुम्ही?
मला पटकन उत्तर सुचलं नाही.

रात्री फोन लावला. हेर्दिसने स्वतः उचलला,
घसा कोरडा, आवाज लांबून.
कुठवर आला होतास?
डोक्यावर, मी म्हणालो. तुझ्या बरोबर डोक्यावर.
ती बराच वेळ गप्प. मला वाटलं, ठेवला.

मग म्हणाली, दोनदा गेलास.
ऐकलं मी.
डावं इंजिन खरखरतंय रे त्यांचं,
सांग कोणालातरी.